वरचं पाणी

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठकू,

आज साडेसातला प्रयोगशाळेत पोहोचलो. इनक्युबेटरचं तापमान नोंदवलं, सदतीस. आतल्या तसराळ्यात पाणी भरलं. पंपाचा मिस्त्री नऊला येणार होता, तो अकराला आला. दुपारी डबा खाल्ला नाही. चारला घरी आलो, पुन्हा गेलो, सहाला परत आलो. आता जेवायच्या टेबलाशी बसून लिहितो आहे.

फोनवर मला बोलता येत नाही, आणि तूही उचलत नाहीस. नोव्हेंबरात दादाच्या अंत्यविधीला आलीस, सगळ्यात मागे उभी राहिलीस आणि माझ्याशी न बोलता गेलीस. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. तुझा बाप होता, कुठे उभं राहायचं ते तूच ठरवणार. पत्ता मी तुझ्या जुन्या मैत्रिणीकडून काढला. तिच्यावर रागावू नकोस, मी तीनदा विचारलं तेव्हा तिने दिला. तू रक्त तपासणाऱ्या कुठल्याशा ठिकाणी काम करतेस एवढंच ती बोलली.

कामाचं सांगतो. दादाची प्रयोगशाळा मार्चअखेर बंद होणार आहे, आणि त्याच दिवशी मी निवृत्त होणार आहे. विभागाच्या नव्या प्रमुख बाई चांगल्या आहेत. दादाचा अर्धा राहिलेला शोधनिबंध त्याच्या नावाने छापावा असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी एक शेवटची मोजणी आणि तिचा तक्ता त्यांना पंधरा मार्चपर्यंत हवा आहे.

तुला सगळं माहीत आहे, तरी दोन वर्षं झाली, म्हणून पहिल्यापासून लिहितो. त्वचेच्या पेशी. एका बाजूला तरुण, दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्या, म्हणजे पन्नास-साठ वेळा विभागून कायमच्या थांबलेल्या. दोन्हींचं सीरम काढून घ्यायचं, म्हणजे त्यांना उपाशी ठेवायचं, आणि दहाव्या दिवशी किती मेल्या ते पाहायचं. निळा रंग घातला की मेलेली पेशी निळी होते, जिवंत होत नाही. तरुण पेशी शंभरातल्या सत्तर मेलेल्या निघतात. म्हाताऱ्या माझ्या मोजणीत चार. तुझ्या मोजणीत बावीस. त्या बाविसावरून जे झालं ते झालं.

म्हाताऱ्या पेशींच्या बाटलीत कचरा फार असतो. बारीक कण, तुकडे, काय काय. म्हणून मोजणीआधी मी त्या बाटल्या दोनदा धुतो. पहिलं पाणी पंप ओढून घेतो, ते टाकाऊच्या टाकीत जातं. दुसरं पाणी नळीत ठेवतो आणि पेशींबरोबर मोजतो. तरुण पेशींच्या बाटल्या स्वच्छ असतात, त्यांचं सगळं पाणी ठेवतो. काल दुपारी पंप बंद पडला. म्हणून पहिलं पाणी हाताने ओढून एका नळीत ठेवलं, मिस्त्री आला की टाकीत ओतू म्हणून. आज सकाळी त्या नळीच्या तळाला पांढरा थर बसला होता.

कचरा असा बसत नाही. तो थर हलवून त्यात निळा रंग घातला, थेंब काचेवर घेतला. पेशी होत्या, आणि जवळजवळ सगळ्या निळ्या. बाकीच्या पेशींत त्या मिळवून टक्केवारी काढली. तेवीस.

तुझे बावीस होते, माझे तेवीस आले. मला हे आजच कळलं.

मिस्त्री म्हणाला, "काका, हा पंप तुमच्याहून म्हातारा आहे." मी म्हणालो, "असेल. पण बंद तो पडलाय, मी नाही." तो हसला. मला हसू आलं नाही, कारण नळी माझ्या खिशात होती.

काका

८ फेब्रुवारी, रविवार

ठकू,

उत्तराची वाट पाहत नाही. मंगळवारी टाकलेलं पत्र तुला मिळालं असलं तरी आजपर्यंत परत काही येणं शक्य नाही. हे कळतं, तरी दोनदा खाली जाऊन पेटी पाहिली. रविवारी टपाल येत नाही हेही कळतं.

एका मोजणीवर काही बोलता येत नाही. म्हणून शुक्रवारी आणखी तीन बाटल्या मोजल्या. नमुने फ्रीजरमध्ये जपून ठेवायचे म्हणून त्या उपाशी ठेवलेल्या होत्या, त्यांचा दहावा दिवस शुक्रवारीच येत होता. या वेळी तिन्ही बाटल्यांचं पहिलं पाणी वेगवेगळ्या नळ्यांत ठेवलं. पहिलं पाणी धरून एकवीस, चोवीस, तेवीस. पहिलं पाणी सोडून चार, पाच, तीन. आज सुट्टी असूनही जाऊन काचा पुन्हा पाहिल्या. आकडे तेच आले. पहारेकऱ्याने विचारलं, "रविवारी काय काढलंत काका?" मी म्हणालो, "चष्मा विसरलो होतो." चष्मा नाकावर होता.

तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. दादाच्या एका हातात तुझी वही, दुसऱ्या हातात माझी.

"बावीस कुठून आणलेस?"

"बाटलीतून आणले, बाबा."

"तुझ्या काकाला चार मिळतात. तीस वर्षं तो हेच करतोय."

"मग काका तीस वर्षं..." एवढं बोलून तू थांबलीस आणि माझ्याकडे पाहिलंस.

"बोल की. अर्धं पोटात ठेवू नकोस."

"काका, तुम्ही वरचं पाणी फेकता का?"

मी म्हणालो, "नाही, ठेवतो."

ते खोटं नव्हतं. दुसरं पाणी मी ठेवत होतो. पहिल्या पाण्याला मी कधी वरचं पाणी म्हटलंच नाही, माझ्या लेखी तो कचरा होता. झाडूने काढलेला केर कुणी मोजत नाही.

"झालं समाधान?" दादा म्हणाला. "तुझा हात जड आहे. बाटलीच्या तळापासून पेशी सोडवताना तूच त्यांना मारतेस, आणि मग मेल्या म्हणून मोजतेस. असले आकडे माझ्या नावाखाली जाणार नाहीत. तुझ्या प्रबंधातही नाहीत."

"तुमचं नाव राहू द्या तुम्हाला. मी माझं काढून घेते."

अ‍ॅप्रन खुर्चीवर टाकलास आणि गेलीस. दारातून वळून पाहशील असं वाटलं होतं. बापाकडे नाही, माझ्याकडे.

वहिनी गेली तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. शाळेत कुणीतरी विचारलं, वेणी कोण घालतं गं तुझी. तू सांगितलंस, काका घालतात, बाबांचा हात जड आहे. घरी येऊन दादालाही ते ऐकवलंस. तो आठवडाभर हसत होता आणि मला न्हावी म्हणत होता. त्यानेच तो शब्द तुला लावावा आणि मी गप्प बसावं, हे बरं झालं नाही.

काका

१६ फेब्रुवारी, सोमवार

ठकू,

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. दोन ओळी आहेत. 'धुण्याआधीचे आणि नंतरचे, सगळे आकडे पाठवा. पहिल्या पाण्यातल्या पेशींच्या केंद्रकाला रंग देऊन पाहिला का?' वर नाव नाही, खाली नाव नाही, पण अक्षर तुझं. र पूर्वीसारखाच मोडका.

आकड्यांचा कागद सोबत जोडला आहे. केंद्रकाला रंग दिला नव्हता, सुचलंच नव्हतं. काल दिला. अंधाऱ्या खोलीत बसून एकेक पेशी पाहिली, दोनशेच्या वर. तुझा हात जड असता तर काय दिसलं असतं ते मला माहीत आहे. फुगून फाटलेली पेशी, सांडलेलं केंद्रक, अपघातात होतं तसं. तसं नव्हतं. प्रत्येकीत केंद्रकाचे तीन-चार गोल, घट्ट, नेटके तुकडे होते. कुणी घडी घालून ठेवल्यासारखे. पेशी स्वतःहून, ठरल्या क्रमाने मरते तेव्हाच असे तुकडे होतात. म्हणजे तू त्यांना मारलं नव्हतंस. त्या आपल्या आपण मेल्या होत्या, सुटून वर तरंगल्या होत्या, आणि मी त्यांना टाकीत घालवत होतो.

याचा अर्थ काय होतो ते मला लगेच उमगलं नाही. मी हाताचा माणूस, डोक्याचं काम दादाचं. घरी आल्यावर तुमची जेवायच्या टेबलावरची भांडणं आठवली तेव्हा कळलं.

दादा म्हणायचा, म्हातारी पेशी मरत नाही कारण मरण्याची यंत्रणाच तिच्यात उरत नाही. गंजलेलं कुलूप, किल्ली फिरवा नाहीतर घण घाला, उघडणार नाही. तू म्हणायचीस, कुलूप चांगलं आहे बाबा, दारावर पहारा जास्त आहे. प्रत्येक पेशीत मरणाचं दार असतं आणि ते धरून ठेवणारे पहारेकरी असतात. तरुण पेशी उपाशी राहिली की पहारा कमी करते, दार उघडतं, आतल्या कात्र्या सुटतात आणि ती स्वतःला कापून संपवते. म्हातारी पेशी पहारा कमी करत नाही. उलट वाढवते.

दादा विचारायचा, "पण का? तिचं काय अडलंय जगायला? वाढायचं नाही, विभागायचं नाही, नुसती बसून शेजाऱ्यांना त्रास."

"ती ठरवून नाही बसलेली, बाबा. तिच्या आत बिघाडाची घंटा सतत वाजते आहे. घंटा वाजली की दोन हुकूम निघू शकतात. एक, मर. दुसरा, थांब, वाढू नकोस. हिला दुसरा मिळाला. आणि घंटा वाजत असताना तगायचं तर पहारा वाढवायलाच हवा. ज्यांनी वाढवला नाही त्या तेव्हाच गेल्या. उरल्या त्याच म्हाताऱ्या झाल्या."

"हे तुझं मत. पुरावा?"

"यंत्रणा शाबूत आहे याचा पुरावा म्हणजे अधूनमधून एखादी तरी नीट मरायला हवी."

"हं. मग दाखव."

तू दाखवत होतीस, ठकू. शंभरातल्या बावीस.

तुझा डबा फ्रीजरच्या तळाशी अजून आहे, झाकणावर 'हात लावू नये, काकांनी लावला तर चालेल' असं लिहिलेला. पहारा उतरवणारं ते औषध त्यात तसंच होतं. तुझ्या वहीत मात्रा लिहिलेली होती. काल रात्रीच परत जाऊन मी तरुण-म्हाताऱ्या बाटल्यांच्या एका जोडीत औषध घातलं, दुसऱ्या जोडीत नुसता द्राव. तरुण पेशींना दोन्हीकडे फारसं काही झालं नाही. म्हाताऱ्या पेशी, ज्या तीन आठवडे उपाशी राहून जागच्या हलल्या नव्हत्या, त्या औषधाच्या बाटलीत आज सकाळपर्यंत गोल होऊन सुटल्या होत्या. बाटली तिरकी केली की सगळ्या एका बाजूला येत. कुलूप चांगलंच होतं.

मला ते पाहून बरं वाटायला हवं होतं. मी उठलो, हात धुतले, पुन्हा बसलो, पुन्हा उठलो. दिवसभर हेच. शेवटी शेजारच्या प्रयोगशाळेतली मुलगी म्हणाली, "काका, तुम्हाला काय चावतंय का?"

काका

२५ फेब्रुवारी, बुधवार

ठकू,

तुझं दुसरं कार्ड आज मिळालं. आकडे ठीक आहेत म्हणतेस. आणि खाली, 'बाबांना हे कळलं होतं का?'

नाही. त्याला कळलं नव्हतं. पंप या महिन्यात बंद पडला, दादा नोव्हेंबरात गेला.

बाईंनी आज विचारलं, "काका, तक्ता कुठवर आला?" मी म्हणालो, "होतोय." त्या म्हणाल्या, "घाई नाही हो, पण पंधरा तारीख ती पंधराच." त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. दादाचा शेवटचा निबंध आहे. त्यात कुलूप गंजल्याचं चार ठिकाणी लिहिलं आहे.

आज जास्त लिहीत नाही.

काका

२ मार्च, सोमवार

ठकू,

गेले पाच दिवस मी मागचं पत्र मनात वाचतो आहे. त्यात एक वाक्य खरं आहे आणि बाकीचं लपवण्यासाठी लिहिलेलं आहे. पहिल्या पत्रातही 'मला हे आजच कळलं' असं लिहिलं होतं. तेही तसंच.

तू अ‍ॅप्रन टाकून गेलीस त्या संध्याकाळी मी टाकी रिकामी करत होतो. तिच्या तळाला पांढरं काही होतं. तुझा प्रश्न कानात होता. एक थेंब काचेवर घेतला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. मी टाकी मोरीत ओतली आणि नळ मोठा सोडला. पाहिलं नाही, म्हणून माहीत नव्हतं असं मी स्वतःला सांगत आलो. पण माणूस जे पाहायचं टाळतो ते त्याला माहीतच असतं.

याहून वाईट आहे ते आता लिहितो.

सप्टेंबरात दादा इस्पितळात होता. अंगात ताकद नव्हती, पण डोकं साफ होतं. एका दुपारी मला म्हणाला, "खुर्ची जवळ घे." घेतली.

"ठकीच्या पद्धतीने एकदा मोजून बघ."

"आता कशाला?"

"पोरगी हट्टी आहे, फटकळ आहे, माझ्यावर गेली आहे. पण खोटे आकडे लिहिणारी नाही. तिचे बावीस मला झोपू देत नाहीत. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं पाणी धर आणि मोज."

"बरं."

"आणि येताना कागद घेऊन ये. रेघांचा. कोऱ्यावर माझ्या ओळी आता खाली घसरतात."

मी दुसऱ्याच दिवशी रेघांची वही नेली. पेन नेलं. ते त्याने उशाशी ठेवलं. मी म्हणालो, मोजणी उपाशी दहा दिवसांची, वेळ लागेल. तो म्हणाला, थांबतो की.

प्रयोगशाळेत उपाशी ठेवलेल्या बाटल्या होत्या. दहावा दिवस आला. मी एक बाटली हूडखाली, म्हणजे काम करायच्या काचेच्या कपाटात, घेतली. पंप चालू होता. नळी पाण्यात धरली की पहिलं पाणी गेलं असतं, नाही धरली की राहिलं असतं. मी किती वेळ बसलो ते आठवत नाही. मग पंप बंद केला, बाटली जशीच्या तशी इनक्युबेटरमध्ये ठेवली आणि घरी गेलो. मोजलं नाही. तुझ्या पद्धतीनेही नाही आणि माझ्याही नाही.

दोन दिवसांनी त्याच्याकडे गेलो.

"मोजलंस?"

"मोजलं."

"किती?"

"चारच. आपलेच बरोबर आहेत."

त्याने उशाशी हात नेऊन वही चाचपली. मग म्हणाला, "मग ठीक आहे." वही आणि पेन उचलून माझ्याकडे दिलं. "हे घरी ने. इथे उगाच पडून राहील." आणि भिंतीकडे तोंड केलं. वहीत पहिल्या पानावर फक्त तुझं नाव होतं, ठकी नाही, पूर्ण नाव, आणि पुढे स्वल्पविराम. तो त्यानंतर सात आठवडे होता. तुझा विषय पुन्हा निघाला नाही.

तू विचारलंस, बाबांना कळलं होतं का. त्याला कळायला हवं होतं, त्याने स्वतः विचारलं होतं, आणि मी सांगितलं नाही. तू बरोबर होतीस हे न कळता तो गेला. तुला पत्र लिहायचं त्याच्या मनात होतं, ते माझ्यामुळे राहिलं.

का केलं ते सांगतो, माफीसाठी नाही. मी कॉलेजात दोनदा नापास झालो. दादाने मला आपल्याजवळ बाटल्या धुवायला ठेवलं, मग पेशी सांभाळायला. पाहुणे आले की तो सांगायचा, डोकं माझं आहे पण हात याचा आहे, याच्यासारखा हात या इमारतीत कुणाचा नाही. लग्न नाही, पोरं नाहीत, घर त्याचं, मुलगीही त्याची. माझ्याजवळ म्हणून जे होतं ते हे एक वाक्य. तुझे बावीस खरे ठरले तर ते जाणार होतं. आंधळा दळतो तसा मी तीस वर्षं दळत होतो, हे दादाने मरताना ऐकावं असं मला वाटलं नाही. त्याला त्रास नको म्हणून गप्प बसलो असं मी लोकांना सांगू शकलो असतो. तुला नाही. त्रास मला नको होता.

हे पत्र टाकल्यावर तू कार्डसुद्धा पाठवणार नाहीस, हे धरून चाललो आहे.

काका

१० मार्च, मंगळवार

ठकू,

सकाळी साडेसातला गेलो. तापमान सदतीस. राहिलेल्या बाटल्यांपैकी चार मोडीत काढल्या, दोन बाईंच्या सांगण्यावरून ठेवल्या.

बाईंना मी गेल्या मंगळवारीच सगळं सांगितलं. दोन वह्या, तुझे आकडे, माझे आकडे, तीन नळ्या, केंद्रकांचे फोटो, सगळं टेबलावर मांडलं. इस्पितळातलंही सांगितलं, कारण तक्त्यावर सप्टेंबरची मोजणी म्हणून चार असं माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे, आणि ती मोजणी झालेलीच नाही. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "काका, हे सगळं मला लेखी लागेल."

"आणलंय," मी म्हणालो.

त्यांनी दोन्ही पानं वाचली. "यात तुम्ही स्वतःसाठी एक ओळही ठेवली नाहीत."

"ठेवण्यासारखी सापडली नाही."

"निवृत्तीला चार आठवडे राहिलेत तुमच्या. गप्प बसला असतात तर कुणाला कळलं नसतं."

"तेच तर केलं ना बाई, दोन वर्षं."

निबंध थांबवला आहे. आधीच्या दोन निबंधांतही माझेच आकडे आहेत, त्यांना दुरुस्ती लागेल, ती विभागातर्फे कळवली जाईल. दादाचं नाव त्यात येईल, ते मला टाळता आलं नाही. तुझी प्रबंधाची नोंदणी जूनअखेरपर्यंत जिवंत आहे. रद्द व्हायला अर्ज लागतो, तो तू केला नव्हतास, आणि दादानेही केला नव्हता. त्याच्या कपाटात तो अर्ज कोरा सापडला. बाई म्हणाल्या, ही मुलगी आली तर प्रबंध तिच्या आकड्यांवर उभा राहतो, आणि त्या स्वतः मार्गदर्शक होतील. तसं पत्र त्यांनी तुला त्याच दिवशी पाठवलं.

काल त्यांना तुझं उत्तर मिळालं. मला नाही. बरोबर आहे. त्यांनी दाखवलं नाही, मी मागितलं नाही. एवढंच सांगितलं की तू एप्रिलात येते आहेस आणि वसतिगृहात खोली मागितली आहेस. घर प्रयोगशाळेपासून चालत दहा मिनिटांवर आहे, हे बाईंना माहीत आहे. त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "वेळ द्या काका." मी म्हणालो, "वसतिगृहाच्या मागच्या बाजूच्या खोल्यांत आवाज कमी असतो. जमलं तर तिकडची द्या."

तुझी खोली मी आवरणार नाही. रस्त्यात दिसलीस तर हाक मारणार नाही. दादाची रेघांची वही बाईंकडे तुझ्या नावाने ठेवली आहे. ती हवी की नको ते तू पाहा. त्याने नावापुढे जे लिहिलं असतं ते मला सांगता येणार नाही, आणि मी अंदाजही करणार नाही. अंदाजाने आकडे भरायची सवय एकदा लागली होती, आता पुरे.

म्हाताऱ्या पेशींच्या ज्या दोन बाटल्या ठेवल्या आहेत त्या तुझ्यासाठी आहेत. दर तीन दिवसांनी मीडियम, म्हणजे त्यांचं खाण्याचं पाणी, बदलावं लागतं. तू येईपर्यंत ते मी करतो आहे, महिनाअखेरनंतरही बाईंनी परवानगी दिली आहे. तू पोहोचलीस की किल्ली कार्यालयात ठेवेन.

पाच वाजले आहेत. सकाळी अ‍ॅप्रनचं वरचं बटण तुटलं, ते खिशात ठेवलंय. उद्या घालायला दुसरा अ‍ॅप्रन नाही. पांढरा दोरा संपला आहे, निळा आहे, चालेल. चष्मा पुसून खिडकीपाशी बसलो. सुईत दोरा दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गेला. आता बटण लावतो.

काका